तळोद्याची कोठी आणि सुरतेचं बंदर

आमच्या घरात धान्याची कोठी तयार झाली की विकायला काढण्याआधी ती पाण्यानं भरतात. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. पन्नाशी ओलांडेपर्यंत मलाही येत होतं. दुपारच्या नमाजानंतर घागरीनं पाणी ओतायचं, कोठीच्या पायांमधल्या जागेत चुलीतली चाळलेली राख पसरायची आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानेपर्यंत वाट पाहायची. अजान झाली की अब्बा वाकून राखेची चिमूट उचलायचे आणि फुंकर मारायचे. राख उडाली तर कोठी पास. बोटाला लगदा चिकटला तर कोठी उलटी पाडून पुन्हा एकेक सांधा तपासायचा.

आम्ही नंदुरबारकडच्या तळोद्याचे. सातपुड्यातला सागवान आमच्या गावावरूनच खाली उतरतो, त्यामुळे सुताराला इथे कामाची ददात नाही. पण आमच्या घरची रीत इतरांहून वेगळी. इतर सुतार दोन फळ्या भिडवतात, खिळे ठोकतात आणि मोकळे होतात. अब्बा दोन्ही फळ्यांच्या कडांना खाच पाडायचे, एक कड दुसरीत बसवायचे आणि वर त्या सांध्यात कापसाचा पेळू ठोकून भरायचे. पेळू म्हणजे कापसाची वळलेली लांब वात, तेलात उकळलेल्या राळेत बुडवलेली. ठोकायला एक बोथट छिणी होती, तिला धारेच्या जागी मधोमध खोलगट पन्हाळ. तशी छिणी तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नाही.

पेळू वळणं हे घरातल्या बायकांचं काम. मांडीवर, डाव्या तळव्यानं, उलटा पीळ देऊन. मी लग्नाआधी वळले. सासर त्याच गल्लीत मिळाल्यामुळे लग्नानंतरही सुटका झाली नाही. शाळेत शिक्षिका झाले तरी रविवार पेळूचाच. एकदा माझा तेलकट तळवा पाहून शाळेतल्या बाईंनी विचारलं, "लोणचं घातलंत का?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला गेले असते तर मधली सुट्टी पुरली नसती.

कारण खरं काय ते आम्हालाही माहीत नव्हतं. अब्बांचं घरातलं बोलणं उर्दू-हिंदीतलं, पण लाकडाचा विषय निघाला की त्यांना अहिराणीच लागते. मी विचारायचे, कोठीत गहू ठेवायचा, पाणी नाही, मग पाण्याची परीक्षा कशाला? ते म्हणायचे, "मन्हा बाप करे, म्हनीन मी करस." आजोबांना विचारलं तर त्यांचंही उत्तर तेच निघे, वर एक वाक्य जास्त: "लाकूड आपलं, पानी परकं." परक्याला घरात घ्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाजारात लोक थट्टा करत. "काका, हाई कोठी काय नदीमा सोडनी शे का?" अब्बा मिशीत हसायचे. त्या थट्टेत कौतुक असायचं, हे त्यांना कळत होतं.

मग ती एक कोठी झाली. सारंगखेड्याच्या यात्रेत अब्बा घोड्यांच्या गव्हाणी आणि दोन-तीन कोठ्या घेऊन बसत. तिथे तापीकाठच्या गावातला एक गुजर शेतकरी त्यांच्याकडे आला. धरणाचं पाणी गावापर्यंत फुगलं होतं, घराच्या जमिनीला ओल धरत होती. त्याला मोठी कोठी हवी होती, मुलीच्या लग्नाचा गहू ठेवायला. "काका, ओल नको शिराले, बस," एवढंच तो म्हणाला.

अब्बांना असं कुणी सांगायलाच हवं होतं. चार महिने त्यांनी त्या कोठीवर जीव ओतला. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, छातीपर्यंत उंच. आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी या वेळी केलं. झाकणाच्या कडेलाही पेळू भरला. झाकण बसवलं की आत मुंगी जाणार नाही, हवाही नाही. मलाही अभिमानच वाटला होता.

लग्नाआधी पंधरा दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती कोठी परत आली. गहू थोडा ओलसर असताना भरला गेला होता. साध्या कोठीत फटीतून हवा खेळते, असं धान्य आपोआप सुकतं. या कोठीत तो घामेजला, तापला, काळा पडला. शेतकरी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. कोठी दुकानापुढे उतरवून तो एवढंच म्हणाला, "हाई कोठी नही शे काका, हाई हांडी शे. मन्हा गहू शिजी गया यामा." शेजारची दोन-चार दुकानं हसली. या वेळच्या हसण्यात कौतुक नव्हतं.

अब्बांनी त्या दिवशी छिणी गोणपाटात गुंडाळली. कोठी अंगणात तशीच उभी राहिली, उन्हात, पाच-सहा महिने. त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, काम थांबवलं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण ते थकून थांबले नव्हते. एके दुपारी मी चहा घेऊन गेले तर कोठीकडे बघत म्हणाले, "आपला बापजादा येडा व्हतात, बेटा. आपण बी येडा. येत्या जुम्म्याले भंगारवालाले दी टाकसू सगळं."

मला राग आला. भंगारवाल्याचा नाही, त्यांचाही नाही. आपल्याला कारण माहीत नाही, याचा आला. इतक्या पिढ्या एक गोष्ट मनापासून करत आल्या आणि विचारलं तर सांगता येत नाही! मला दुसऱ्याच दिवशी बहिणीकडे सुरतेला जायचं होतं, तिच्या मुलीचं लग्न होतं. मी म्हटलं, "मी येईपर्यंत थांबा." ते म्हणाले, "तू येस तवलोंग. पुढे नही."

नंदुरबारहून सुरत म्हणजे आमच्याकडे परगावही नाही. निम्मी गल्ली तिथल्या लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर. मीही पन्नास वेळा गेले असेन: स्टेशन, बहिणीचं घर, कापड बाजार, स्टेशन. नदीकडे कधी फिरकले नव्हते. या खेपेला लग्न पार पडल्यावर मेव्हण्यांनी, म्हणजे आमच्या दुलाभाईंनी, चौकातला जुना किल्ला दाखवायला नेलं. लूममधून सुटलेला माणूस, त्यांना फिरण्याची हौस.

वीस वर्षं मी मुलांकडून घोकून घेतलंय, सुरत हे त्या काळातले मोठे बंदर होते. परीक्षेत रिकाम्या जागेत 'बंदर' भरलं की गुण द्यायचे. किल्ल्याच्या बुरुजावरून मी खाली पाहिलं. खाली तापी होती. आमचीच. सारंगखेड्याला पुलाखालून जाते ती, प्रकाशा गावी जिच्यात लोक दिवे सोडतात ती. वीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की पुस्तकातलं बंदर आणि आमची नदी एकच पाणी आहे. असल्या मास्तरणीचा पगार कापायला हवा.

दुलाभाई सांगत होते आणि त्यातलं बरंचसं मला तोंडपाठ होतं, पण आता मी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकत होते. बुऱ्हाणपुराहून कापड आणि नीळ लादलेले बैल नंदुरबारवरून इथवर यायचे. इथून माल छोट्या होड्यांतून नदीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गलबतांवर चढायचा. फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी समुद्रातून येऊन हे शहर जाळलं, म्हणून हा किल्ला बांधला, तोफा नदीकडे तोंड करून. सुवालीच्या किनाऱ्यापुढे फिरंगी आणि इंग्रज एकमेकांची जहाजं फोडत होते, कशासाठी, तर इथे नांगर कोणी टाकायचा यासाठी. कुठल्या राजाची चलती हे जणू या नदीच्या मुखाशी ठरत होतं. इथूनच हाजी मक्केला जायचे, आणि परतीच्या जहाजांतून अरबी घोडे उतरायचे. मी बुरुजाचा दगड धरून उभी होते. खाली एक माणूस निवांत म्हैस धूत होता.

"आणि आता?" मी विचारलं. "आता गाळ," दुलाभाई म्हणाले. नदी गाळानं भरली, मोठी गलबतं आत येईनात, व्यापार मुंबईला गेला. नवं बंदर खाली हजिऱ्याला, तिथे लोखंडाची जहाजं.

बुरुजावरून उतरल्यावर मी त्यांना अब्बांच्या कोठीची गोष्ट सांगितली. खरं तर तक्रार म्हणून सांगितली, म्हाताऱ्यानं हत्यारं भंगारात काढलीत म्हणून. पेळूपर्यंत आले आणि दुलाभाई चालता चालता थांबले. "लाकडाच्या फटीत कापूस? हे मी पाहिलंय. बिलिमोऱ्याच्या पुढे खाडीवर माझा एक दोस्त लाकूड पुरवतो, तिथे. उद्या चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. भातशेती संपली, मिठाचा वास आला, चिखलाची खाडी दिसली, आणि काठावर कोरड्या जमिनीत एक जहाज उभं होतं. मासेमारीचं, म्हणजे लहानच, असं ते लोक म्हणत होते. आमच्या दुमजली शाळेपेक्षा ते उंच होतं. अख्खं लाकडाचं. खालून वर पाहताना मान दुखली. पोटाची गोलाई अशी की एकही फळी सरळ नाही, तरी प्रत्येक फळी दुसरीत बसलेली. माझ्या तोंडून फक्त "या अल्लाह" निघालं, आणि ते मी सवयीनं म्हटलं नव्हतं.

मग आवाज कानावर आला. टक, टक, ठक. टक, टक, ठक. दोन हलके घाव, एक जोराचा. आमच्या अंगणाचा आवाज. फक्त इथे सहा माणसं ओळीनं बसून ठोकत होती आणि तो आवाज त्या मोठ्या पोकळ पोटात घुमत होता. मी जवळ गेले. हातातली छिणी बोथट होती, धारेच्या जागी पन्हाळ. फळ्यांच्या कडांना खाच होती. सांध्यात कापूस होता, राळेचा वास तोच. मला रडू आलं. भर दुपारी, परक्या माणसांपुढे, पदर तोंडाला लावून मी रडले, आणि दुलाभाई बिचारे पाण्याची बाटली घेऊन माझ्याभोवती फिरत राहिले.

ठोकणाऱ्यांतले सर्वांत वयस्कर काका काम थांबवून बघत होते. त्यांच्यापुढे कापसाचा ढीग होता. मी खाली बसले, कापूस घेतला आणि साडी सावरून मांडीवर पेळू वळला. डाव्या तळव्यानं, उलटा पीळ. काकांनी तो उचलला, ओढून पाहिला, पीळ उलगडून पाहिला. मग गुजरातीत विचारलं, "कोनी दीकरी छो, बेन?" कोणाची लेक?

"सुताराची," मी म्हटलं. "तळोद्याच्या." तळोदा त्यांना माहीत नव्हतं. तापीच्या वरच्या अंगाला, सागवानाच्या डोंगराशी, असं दुलाभाईंनी समजावलं. तेव्हा ते मान हलवत राहिले बराच वेळ. डाव्या हाताचा पीळ त्यांच्या आजीचा होता, म्हणाले. आता मशीनची दोरी मिळते, कोण वळतं. मी पाण्याच्या परीक्षेचं विचारलं. जहाज खाडीत सोडण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरतात आणि बाहेरून फळ्यांना चुना फासतात, ओल आली की डाग दिसतो. "आधी?" मी विचारलं. आधी राख टाकायचे खाली, ते म्हणाले, आणि पुन्हा ठोकायला लागले.

कारणही त्यांनीच सांगितलं, इतकं सहज की जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. कापसाला पाणी लागलं की तो फुगतो. बाहेरून समुद्र जितका दाबेल तितका सांधा घट्ट. आत माणसं असतात, बेन.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. व्यारा गेलं, नवापूर गेलं, डोंगर जवळ आले. माझ्याकडे कागद नाही, सनद नाही, आमच्या घराण्याचा कुणी सुरतेच्या बंदरात जहाजं बांधत होता असं लिहिलेलं कुठेही नाही. गाळ भरला, काम बुडालं, आणि कुणीतरी हत्यारं पाठीला लावून लाकडाच्या मागावर नदीच्या वर वर येत तळोद्याला थांबला, असं झालं असेल. मी इतिहास शिकवते, 'झालं' आणि 'झालं असेल' यातला फरक मला कळतो. पण हाजींची बायका-पोरं, थरथरणारे घोडे, तोफांचा दारूगोळा आणि खाली कित्येक पुरुष खोल काळं पाणी, या दोहोंच्या मधे कापसाची एक वात. ती वात माझ्या हाताला येत होती. मी त्या गाडीत माझ्या डाव्या तळव्याकडे कितीतरी वेळ बघत होते. समोरच्या बाईंना वाटलं असेल, भविष्य बघतेय.

घरी पोचले तेव्हा गोणपाटाचं गाठोडं ओट्यावर काढलेलं होतं, गाठ मारून, तयार. अब्बांनी सलामाला जेमतेम उत्तर दिलं. खाडीवर मी मोबाइलवर ठोकणाऱ्यांचा व्हिडिओ काढला होता, तो लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा मोबाइल कानाला लावला, नुसता आवाज ऐकायला.

"तिसरा माणूस हातोडी हलकी धरस," अब्बा म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं, किल्ला, गाळ, काका, राख. समुद्र आमच्या घरात कुणीही पाहिलेला नाही. अब्बांनी तर सुरतही लूमपुरतीच. ते ऐकत होते आणि मधेच उठून अंगणात कोठीपाशी गेले. बोटानं एकेक सांधा चाचपला. उन्हानं दोन ठिकाणी उकलला होता. "कापूस शे का घरमा?" त्यांनी विचारलं. मी पेळू वळायला बसले. गाठोड्याची गाठ त्यांनी स्वतः सोडली.

चौथ्या दिवशी सकाळी कोठी टेम्पोत चढली. ती पाण्यात सोडून पाहायची होती; मला वाटलं गावाजवळच्या ओढ्यावर नेऊ, पण अब्बांचा पत्ता ठरलेला होता. "नदी त्याना गावले शे. तठेच जाऊत." त्या शेतकऱ्याचं गाव. मी नको नको म्हणत होते. पुन्हा हसं झालं तर हा माणूस उभा राहायचा नाही, हीच एक भीती होती.

धरणामुळे तिथे तापी तळ्यासारखी पसरलेली, पलीकडचा काठ धूसर. कोठी उतरवली तशी माणसं जमली, केळीच्या बागेतून शेतकरीही आला आणि हात बांधून लांब उभा राहिला. अब्बांनी झाकण काढून बाजूला ठेवलं. घरून आणलेली राख कोठीच्या आत, तळाला पसरली, चाळणीनं, सगळीकडे सारखी. चौघांनी कोठी पाण्यात ढकलली. ती डुलली, एका अंगाला कलली आणि सरळ झाली. एक मासेमार आपली नाव घेऊन शेजारी आला, दोर बांधला. आणि मग अब्बांनी पायजमा वर खोचला.

मी ओरडले. टेम्पोवाला ओरडला. मासेमार म्हणाला, काका, मी बसतो. अब्बांनी त्याचा हात बाजूला केला. "ज्यानी सांधा भरा, त्यानी बसानं."

तर माझे अब्बा, पंचाहत्तरी उलटलेले, धान्याच्या कोठीत मांडी घालून बसले आणि तापीवर निघाले. काठापासून पन्नास हात, मग शंभर. दिसत होती फक्त त्यांची पांढरी टोपी. सुरुवातीला काठावर दोघं-तिघं हसले, मग तेही थांबले. मी दुवा मागत होते, आणि त्याच वेळी मला असं वाटत होतं की हे मी पूर्वी पाहिलंय, माझ्या आधी कुणीतरी बाई अशीच काठावर उभी होती, तेलकट डावा हात मुठीत धरून. अर्धा तास गेला असेल. मासेमारानं कोठी हळूहळू काठाला ओढून आणली.

अब्बा उतरले नाहीत. ते आत वाकले. सगळी माणसं पुढे सरकली, शेतकरीही. अब्बांनी राखेची चिमूट वर धरली आणि फुंकर मारली. राख उडाली.

शेतकऱ्यानं पुढे होऊन कोठीच्या कडेवर हात ठेवला, आत वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "झाकणले भोकं पाडी द्या काका, मी लई जासू."

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं. उठायला हात मागितला, त्यानं दिला.

"झाकणले पाडसू," अब्बा म्हणाले. "तळले नही."